बेचाळीस मिनिटांचं गाऱ्हाणं

शिवा कळंबटेच्या वरच्या दोन पुढच्या दातांना डॉक्टर नम्रता शेट्ये यांनी नुसतं बोट लावलं, तर ते देवळातल्या घंटेसारखे हलले. आवाज तेवढा झाला नाही.

"काका, हे दोन्ही जाणार."

"कवा?" शिवाने विचारलं. तोंडात बोट असल्यामुळे ते "आआ" असं बाहेर पडलं, पण दातांच्या डॉक्टरांना ती भाषा येते.

"आजच काढू या. खाली हाडच राहिलेलं नाही."

"आज नको. सोमवारी."

"तोवर काय आहे?"

"शनवारी वाडीची सत्यनारायणाची पूजा हाय."

"प्रसाद मऊच असतो, तो खा. बाकी कडक काही चावायचं नाही. आणि ते तुमचं वाद्य तर अजिबात वाजवायचं नाही. कळलं?"

शिवाने मान हलवली. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात पुरुषाला अशी एक मान हलवता येऊ लागते, की तिचा अर्थ हो होता की नाही हे पुढे कोर्टातही सिद्ध करता येत नाही. ती.

सॅक्सोफोन हे वाद्य माणूस ओठांनी वाजवतो, असा एक समज आहे. रत्नागिरी तालुक्यात तसा समज आहे असं म्हणणं मात्र धाडसाचं होईल, कारण या वाद्याबद्दल कसलाही समज करून घ्यायची गरज तालुक्याला आजवर पडलेली नाही. खरी गोष्ट अशी, की खालच्या ओठावर माउथपीसची पत्ती टेकते आणि वरचे दोन पुढचे दात माउथपीसवर घट्ट रोवावे लागतात. सगळा डोलारा त्या दोन दातांवर. ते गेले की कवळी लावून वाजवणारे जगात आहेत, असं शिवाने ऐकलं होतं. पण ते जग शिवाच्या पाली गावापासून फार लांब होतं आणि शिवाचं वय त्र्याहत्तर होतं.

आणि त्याचं एक काम व्हायचं राहिलं होतं.

विशीत तो मुंबईला गिरणीत लागला होता. पाळी सुटली की लालबागच्या एका लग्नाच्या बँडमध्ये. तिथे गोव्याच्या एका मास्तरांनी त्याला सॅक्सोफोन शिकवला. तिथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. बिघाड केला तो सुलेमान होडेकरने. हा रत्नागिरीच्या मिरकरवाड्याचा, बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला. परदेशातून येताना तो सगळ्यांना सेंटच्या बाटल्या आणायचा. एका खेपेला बाटल्या संपल्या, म्हणून शिवाला त्याने एक रेकॉर्ड दिली. अमेरिकेतल्या कुणा सॅक्सोफोनवाल्याची. तो माणूस चार सुरांचा एक तुकडा धरून बसला होता. तोच तुकडा घेऊन तो विनवत होता, विचारत होता, रुसत होता, मध्येच देवाची गचांडी धरून ओरडत होता आणि शेवटी त्याच्याच पायाशी बसत होता. शिवाने ती रेकॉर्ड ऐकली आणि दुसऱ्या दिवशी गिरणीत जायचं विसरला. शिवा गिरणीत जायचं विसरला ही त्या वर्षी गिरणगावातली मोठी बातमी नव्हती, पण त्याच्या घरात होती.

पुढे त्याने तीन दोस्त जमवून त्या जातीची स्वतःची एक रेकॉर्ड काढली. दोनशे प्रती. कव्हरवर छापणाऱ्याने "शिवा अँड पार्टी" असं छापलं, दुकानदारांनी ती लग्नाच्या गाण्यांत ठेवली, आणि ज्यांनी हळदीला वाजवायला म्हणून नेली ते दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड आणि राग दोन्ही घेऊन परत आले. नंतर गिरणी बंद पडली. शिवा गावी आला. वडिलांची आठ आंब्याची कलमं होती, ती सांभाळायची, लग्नसराईत बेंजोपार्टीबरोबर वाजवायचं. कोकणात वरातीत जे काही वाजतं त्या सगळ्याला बेंजो म्हणतात, त्यामुळे बेंजोला आयुष्यात हात न लावलेला शिवा तीस वर्षं बेंजोवाला शिवा म्हणून ओळखला जात होता.

बाकी वेळ तो वाडीच्या वरच्या सड्यावर जायचा. त्या उघड्या कातळावर उभं राहून त्याने एक रचना बांधली. तीही चार सुरांच्या तुकड्याची. हे चार सूर आपल्याला सड्यावर सापडले, असं तो सांगायचा. चार भाग, बेचाळीस मिनिटं. ती त्याने माणसांसमोर पुरी कधीच वाजवली नव्हती. सगळ्यात लांब मजल मारली ती सावर्ड्याच्या एका लग्नात, सात मिनिटं. तेव्हा नवऱ्या मुलाचा मामा जवळ येऊन हळूच म्हणाला होता, "कोण गेलंय काय घरात?"

तर ते काम राहिलं होतं. रत्नागिरीहून पालीला येणाऱ्या एसटीत शिवाने जिभेने दोन्ही दात हलवून पाहिले. आज मंगळवार. शनिवारपर्यंत टिकतील, असं त्याने त्यांच्या वतीने ठरवून टाकलं.

पालीच्या नाक्यावर रितेशचं मोबाइलचं दुकान होतं. रितेश म्हणजे वाडीच्या मंडळाचा अध्यक्ष. वय चौतीस, पण पत्रिकेवर नाव छापून येतं म्हणून वागणं पन्नाशीचं. पूजेची पत्रिका काउंटरवरच पडली होती. सकाळी दहाला पूजा, एकला महाप्रसाद, तीनला विश्रांती, चारला महिलांसाठी पैठणीचा खेळ, संध्याकाळी भजन.

"तीन ते चार मला दे," शिवा म्हणाला.

"आबा, ती विश्रांती हाय."

"मग काय बिघडलं? मी वाजवतो, तुमी विश्रांती घ्या."

"वाजवणार काय? नवीन गाणी येतात तुमाला?"

"माझं स्वतःचं हाय."

"नाचता येईल असं?"

"नाय."

"निदान म्हणता येईल असं?"

"नाय."

रितेश मनाने चांगला होता. गिऱ्हाइकाचा मोबाइल खाली ठेवून त्याने विचारलं, "किती वेळ?"

"बेचाळीस मिनिटं."

"दहा."

"बेचाळीस."

"आबा, माणसं जेवलेली असणार. दहा मिनिटं घ्या. वर झालं तर मी माइक बंद करीन, मग वाईट वाटून घ्यायचं नाय. आधीच सांगतोय."

"माइक नको मला," शिवा उठत म्हणाला. "दहाचं काय ते तू बघ. बेचाळीसचं मी बघतो."

घरी विमला चुलीपुढे होती. "काय म्हनली डाक्टरीन?"

"सोमवारी काढणार."

"आनि तोवर वाजवू नका म्हनली असंल."

"तुला कसं कळलं?"

"तिला डोकं हाय म्हनून."

विमलाने त्या रात्रीपासून नवऱ्याला आटवल द्यायला सुरुवात केली. आटवल म्हणजे तांदूळ मोडून गिजगा होईपर्यंत शिजवलेला भात, आजाऱ्याला देतात. वाजवू नका असं ती एकदाही म्हणाली नाही. फक्त तिसऱ्या दिवशी वाढताना म्हणाली, "त्या तिसऱ्या भागात तुमी दर टायमाला थांबताव. दम लागला म्हनून खाली ठेवताव नि पानी मागताव. तीस वरसं मी पानी देतेय. शनवारी मी पानी देनार नाय."

शिवाने आटवलावर मीठ घातलं आणि गिळलं. बायकोला रचनेतला हा दोष माहीत आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

शुक्रवारी दुपारी सुलेमान आला. बोटीवरून निवृत्त होऊन त्याला पंधरा वर्षं झाली होती, पण चालताना अजून जमीन हलते असा त्याचा संशय होता. दोघं सड्यावर गेले. दातांना जपायचं म्हणून शिवाने सॅक्सोफोन गळ्यात अडकवला, पण माउथपीस तोंडात घेतला नाही. फुंकर न मारता त्याने नुसती बोटं चालवली, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. सुलेमान समोरच्या दगडावर बसून घड्याळ हातात धरून ऐकत होता.

बेचाळीस मिनिटांनी शिवाने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. दुसऱ्या भागात जरा घाई केलीस."

"केली खरी," शिवाने कबूल केलं.

"पण शिवा, एक बोलू? तुझ्यात रिकाम्या जागा लई हायत. तुकडा वाजवतोस नि गप बसतोस. आपल्या त्या रेकॉर्डवर तिथं ड्रमवाला जबाब देतो. तुला कोण देणार?"

"कोण नाय. तिथं शांतता पायजे. माणसांनी गप बसायचं, म्हणून ठेवल्यात त्या जागा."

"माणसांनी गप बसायचं," सुलेमान म्हणाला. "कोकणात."

शनिवारी पूजा वेळेवर उशिरा झाली. महाप्रसादापूर्वी जाखमातेच्या देवळापुढच्या मंडपात सगळे उभे राहिले आणि धोंडू गावकराने गाऱ्हाणं घातलं. धोंडू गावकर अठ्ठ्याऐंशी वर्षांचा; गावाच्या वतीने देवीशी बोलायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि त्यातली साठेक वर्षं त्याची एकट्याची. गाऱ्हाण्यात गावकर देवीला काय हवं ते खड्या आवाजात सांगतो. दर मागणीपाशी थांबतो, आणि सगळा गाव, स्वतः गावकरासकट, एका दमात "व्हय म्हाराजा" म्हणून त्यावर शिक्का मारतो.

"बा जाखमाते म्हाराजा," धोंडू गावकर म्हणाला, "ही तुजी लेकरं आज गोळा झाल्येत म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"मुंबयला हायत तेंका सुखी ठेव, गावात हायत तेंका शानी कर म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!" यात गावातल्यांचाच आवाज जास्त होता.

गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये तोडायचं नाही, हा तिथला नियम. एका वर्षी मंडपाची झालर पेटली होती. तेव्हाही आधी गाऱ्हाणं पुरं झालं आणि मग पाणी आणलं.

जेवणं झाली. तीन वाजता शिवा उभा राहिला तेव्हा मंडपात साठेक माणसं होती आणि त्यातली चाळीस खांबांना टेकून झोपेच्या वाटेवर होती. बायका पुढे बसल्या होत्या, त्या पैठणीच्या खेळासाठी जागा धरून. रितेशची बायको संस्कृती अगदी मधोमध होती. अध्यक्षाच्या बायकोला पैठणी मिळाली तर लोक बोलतील, आणि नाही मिळाली तर ती बोलेल, अशा पेचात रितेश सकाळपासून होता. धोंडू गावकर मानाच्या खुर्चीत हनुवटी छातीला लावून घोरत होता. विमला मागे उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या नव्हता.

शिवाने दात माउथपीसवर ठेवले. ते हलले. त्याने ओठ आवळून त्यांना जागेवर धरलं, आणि चार सुरांचा तुकडा सोडला. खालून वर चढत जाणारा, शेवटच्या सुरावर जरासा लोंबकळणारा. मग तो थांबला. ही पहिली शांतता. तिच्यावर त्याने वर्षानुवर्षं मेहनत घेतली होती.

"व्हय म्हाराजा!" धोंडू गावकर म्हणाला.

डोळे मिटलेलेच होते. साठ वर्षांची सवय. झोपेतसुद्धा थांबण्याची ती जागा त्याच्या कानाला कळली. शिवाच्या कपाळावर आठी चढली. त्याने तुकडा पुन्हा वाजवला, थोडा वरच्या सुरात, आणि थांबला.

आता गावकराच्या शेजारचे चार म्हातारे जागे झाले होते. गावकर म्हणतो आहे त्या अर्थी म्हणायलाच हवं. "व्हय म्हाराजा!"

तिसऱ्या वेळी अर्धा मंडप बोलला. झोपलेली माणसं दचकून उठली आणि आपण गाऱ्हाण्यात झोपलो या लाजेने दुप्पट जोरात बोलली. शिवाला वाटलं, सॅक्सोफोन खाली ठेवावा आणि सांगावं, बाबांनो, हे गाऱ्हाणं नाही, ही शांतता आहे. पण खाली ठेवला तर दात परत माउथपीसवर बसणार नाहीत. त्याने वाजवणं चालू ठेवलं. चिडून त्याने तुकडा उलटा केला, तोडला, मधला सूर गाळला. तरी थांबला की "व्हय म्हाराजा" हजर. पाचव्या-सहाव्या वेळी त्याच्या ध्यानात आलं, की माणसं जागा चुकत नाहीत. एकदाही नाही. इतका पक्का ठेका धरणारा ड्रमवाला त्याला मुंबईत मिळाला नव्हता, आणि इथे साठ जण फुकट आले होते. त्याने पुढची शांतता मुद्दाम लांबवली. मंडपाचा होकारही लांबला. त्याने दोन तुकडे लागोपाठ टाकले, तर मंडपाने दोनदा, लागोपाठ. मागच्या खांबाशी सुलेमानने कपाळाला हात लावला आणि मग तोही म्हणू लागला, आधी हळू, मग मोठ्याने.

दहा मिनिटं झाली. रितेशने मनगटावरचं घड्याळ दाखवलं. शिवाने डोळे मिटले. रितेशने माइक बंद केला. माइक कधीपासूनच पलीकडे तोंड करून उभा होता. तेव्हा रितेश स्वतः पुढे आला आणि शिवाच्या खांद्याला हात लावणार, एवढ्यात मानाच्या खुर्चीतून काठी आडवी आली.

"खय चाललास?" धोंडू गावकराने विचारलं. आता तो पुरता जागा होता.

"आजा, दहा मिनिटं ठरली हुती..."

"गाऱ्हानं चाललाय."

"गाऱ्हाणं नाय तां, ते त्यांचं आपलं..."

"मंग गाव होकार कशाला देतोय? मेल्या, मधी तोडलंस तर देवीला जबाब तू देनार?"

रितेशने मदतीसाठी बायकांकडे बघितलं. पैठणीचा खेळ त्यांचाच होता. पण संस्कृती तिथूनच म्हणाली, "अहो, बसा ना खाली! गाऱ्हाणं तोडून आणलेली पैठणी नेसणार कोण?"

अध्यक्ष खाली बसले.

तिसरा भाग आला. दम तिथेच तुटला, नेहमीच्या जागी. शिवाची नजर सवयीने विमलाकडे गेली. विमलाने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि सगळ्या मंडपाआधी, एकटीने, ठणठणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मागून मंडप बोलला. तेवढ्या वेळात शिवाला श्वास मिळाला, आणि तो तीस वर्षांत पहिल्यांदा त्या जागेच्या पलीकडे गेला.

चौथ्या भागात डावा दात सुटला. तोंडात रक्ताची चव आली. शिवाने माउथपीस एका बाजूला सरकवला, सुळ्यावर धरला आणि फुंकर घातली, तर सॅक्सोफोनमधून एकदम दोन सूर बाहेर पडले, एक खालचा आणि एक वरचा, एकमेकांशी भांडत. अमेरिकेतला तो माणूस हे करायचा. ते कसं करतात हे शोधायला शिवाने आयुष्य घातलं होतं. ते असं, दात पाडून करतात, हे रेकॉर्डच्या कव्हरवर कुणी लिहिलं नव्हतं. त्या दोन सुरांवर त्याने तुकडा शेवटचा वाजवला, आणि त्याला अचानक ऐकू आलं: खालून वर चढत शेवटी लोंबकळणारे हे चार सूर म्हणजे धोंडू गावकराचं "बा जाखमाते म्हाराजा" होतं. लहानपणापासून ह्याच मंडपात ऐकलेलं. आणि तो सड्याला श्रेय देत होता.

तो थांबला. मंडपाने शेवटचा होकार दिला. सुलेमानने घड्याळ बघितलं आणि बोटांनी दाखवलं: चव्वेचाळीस. दोन मिनिटं गावाची.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. गाऱ्हाण्याला वाजवत नाहीत. शिवाने रुमालात दात घेतला आणि खाली बसला, तेव्हा धोंडू गावकर काठी टेकत त्याच्यासमोर आला.

"समदा झाला, पन मागितलंस काय ता सांग. आमी इतका टाइम व्हय व्हय केलाव. काय कबूल केलाव ता आमाला कळाया नको?"

मंडप कान देऊन बसला. शिवाने काहीतरी मोठं बोलायला हवं होतं. त्याने तोंडातलं रक्त पुसलं. "शेवटपर्यंत वाजवायला मिळू दे, एवढंच."

"मंग मिळाला की!"

"मिळालं."

"मिळाला तर फेडाया लागंल," गावकराने निकाल दिला. "फुडच्या पूजेला परत. अखंड. रितेश, पत्रिकेत छाप. ह्याच टायमाला."

"आजा, पण त्यांचे दात..."

"दाताचा काय ता तो नि देवी बघून घेतील."

सोमवारी सकाळी दहाला शिवा डॉक्टर नम्रतांच्या खुर्चीत बसला. बाहेर बाकावर विमला आणि सुलेमान होते. डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिलं.

"काका, दोन होते ना? डावा कुठाय?"

शिवाने रुमाल पुढे केला.

"वाजवलंत तुम्ही!"

शिवाने तीच मान हलवली. डॉक्टरांनी सुई दिली, उजवा दात काढला आणि कापूस दाबून सांगितलं, "जखम भरली की कवळीचं माप घेऊ. तीनेक महिन्यांनी. नीट जेवता येईल अशी बनवून देते."

शिवाने पिशवीतून सॅक्सोफोनचा माउथपीस काढला आणि डॉक्टरांच्या ट्रेमध्ये, चिमट्यांच्या शेजारी ठेवला. मग कापसाआडून, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "माप ह्याचं घ्या. जेवायचं बघू."

डॉक्टरांनी दारातून बाहेर विमलाकडे पाहिलं. एवढ्यावर तरी बायको काही बोलेल म्हणून.

"घ्या वो त्याचाच माप," विमला म्हणाली. "आटवल मी देईन वरीसभर."